वीतभर उंचीवरची हवा

पहाटे साडेतीनच्या सुमाराला पलंगाखालून आवाज आला. खोल, कोरडा, आतून ओढून काढल्यासारखा. टॉर्च लावून पाहिलं तर चिंगी पाय पोटाशी घेऊन लादीला चिकटून बसली होती. मान पुढे ताणलेली, खांदे वर आलेले, कोपरं बाहेर फाकलेली. सात-आठ ढासा झाल्या. मग तिने काहीतरी गिळलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि दोन मिनिटांत नेहमीसारखी उशाशी येऊन झोपली. मला वाटलं, केसांचा गोळा अडकला असेल. मांजर असलेल्या बहुतेक घरांत असंच वाटतं. आमच्या घरात ही समजूत तीन महिने टिकली, आणि त्या तीन महिन्यांत चिंगीच्या श्वासनलिका सुजत राहिल्या.

गोळा आणि दमा यांतला फरक एकदा ओळखता आला की पुन्हा चूक होत नाही. गोळा काढताना मांजराचं पोट लाटेसारखं आत-बाहेर होतं, ते मागेमागे सरकतं, आणि शेवटी लादीवर ओल्या वातीसारखं काहीतरी पडतं. दम्याच्या ढाशीत हलते ती छाती. बाहेर काही पडत नाही. आलाच तर थोडा फेस, तोही मांजर बहुधा गिळून टाकतं. गोळ्याची वेळ क्वचित येते. ढास आधी पंधरवड्यातून एकदा, मग आठवड्यातून दोनदा, मग रोज अशी जवळ येत जाते. कान बरगड्यांपाशी नेला तर कधी श्वास सोडतानाची बारीक शिटीही ऐकू येते. मांजर लाडात येऊन घुरघुरत असेल तर मात्र ती शिटी त्या आवाजात बुडून जाते, म्हणून ते गाढ झोपलेलं असताना ऐकावं.

डॉक्टरांच्या टेबलावर मांजर सहसा खोकत नाही. तिथे ते घाबरून दगडासारखं बसतं आणि आपण तोंडाने केलेलं वर्णन अपुरं पडतं. त्यामुळे ढास लागलेली दिसली की पहिलं काम म्हणजे मोबाईलवर चित्रीकरण. वीस सेकंदांचा तुकडा पुरतो. आमच्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि गोळ्याचा विषय तिथेच संपला.

माणसाचा दमा आणि मांजर यांचं नातं वैद्यकाला जुनंच माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनचे डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर यांनी दम्यावरच्या आपल्या ग्रंथात, मांजर जवळ आलं की उठणाऱ्या दम्याचं वर्णन करून ठेवलं. खुद्द मांजराला दमा होतो ही गोष्ट मात्र घराघरांत अजून पोचलेली नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मांजर-आरोग्य केंद्राच्या अंदाजानुसार १ ते ५ टक्के मांजरांना तो असतो, आणि निदान सरासरी चार-पाच वर्षांच्या वयात होतं. म्हणजे ऐन तारुण्यात, जेव्हा मांजर खातंपितं असतं आणि कुणाला शंकाही येत नाही.

आत काय घडतं ते समजलं तर घरात काय बदलायचं ते आपोआप सुचतं. हवेतला एखादा कण, परागाचा, बुरशीचा, धुळीतल्या किड्याच्या विष्ठेचा, मांजराच्या शरीराला शत्रू वाटू लागतो. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी श्वासनलिकांच्या भिंतींत गर्दी करतात. भिंत सुजते, आतला चिकट स्राव वाढतो, नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात. नळी निम्मी अरुंद झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होईल असं आपल्याला वाटतं; प्रत्यक्षात तो जवळजवळ सोळापट होतो. आत गेलेली हवा बाहेर पडताना अडकते, म्हणून दमेकरी मांजर श्वास सोडताना पोट आवळून जोर लावतं. एकदा नळ्या अशा हळव्या झाल्या की मग मूळ शत्रूचीही गरज राहत नाही. धूर, उग्र वास, थंड वाऱ्याचा झोत, काहीही उबळ आणू शकतं.

निदान मात्र घरी करायचं नसतं. हृदयाचा आजार, हृदयातले जंत, न्यूमोनिया अशा कितीतरी गोष्टी दम्यासारख्या दिसतात. फुप्फुसातला एक जंत तर गोगलगायींच्या अंगातून उंदीर, पाल, पक्षी यांच्यात जातो आणि त्यांची शिकार करणाऱ्या मांजराच्या फुप्फुसात मुक्काम ठोकतो. त्याचा खोकला हुबेहूब दम्यासारखा. त्यामुळे एक्स-रे, रक्त आणि शी यांची तपासणी, आणि अनेकदा आधी जंताचं औषध, या वाटेनेच डॉक्टर दम्यापर्यंत येतात. निदान झालं की सूज उतरवायला स्टेरॉइड लागतं, आणि ते बहुधा आयुष्यभर. ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण औषध चालू आणि हवा तीच, तर ते चुलीतलं लाकूड न काढता वरून पाणी शिंपडत बसण्यासारखं होतं. लाकूड काढायचं काम घरच्यांचं.

निदान झाल्यानंतरच्या रविवारी मी दिवाणखान्यात लादीवर पोटावर झोपले. उभं राहिलं की आपलं नाक जमिनीपासून पाच फुटांवर असतं. मांजराचं नाक वीतभर उंचीवर. या दोन उंचींवरची घरं वेगळी असतात. सोफ्याखाली भिंतीच्या कडेने धुळीचे बोळे होते, आणि पंखा लावला की ते सरपटत पुढे येत होते. मुख्य दाराच्या फटीतून जिन्यातला वारा थेट आत येत होता आणि त्याच्या वाटेवर पायपुसणं होतं, ज्यावर चिंगी दुपारची झोपायची. फिनेलचा वास उभ्याने जेमतेम जाणवायचा. खाली नाक झोंबत होतं. आणि पलंगाच्या पायाशी, पत्र्याच्या टेकूवर, कालच्या कॉइलची राखेची वेटोळी तशीच पडली होती. कॉइल आपण जमिनीवरच ठेवतो. तिचा धूर आपल्या नाकाशी पोचायच्या आधी मांजराच्या नाकातून जातो.

डासांची कॉइल ही आपल्याकडच्या दमेकरी मांजराच्या घरातली सगळ्यांत वाईट वस्तू आहे, असं माझं ठाम मत आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चीन आणि मलेशियातल्या कॉइल जाळून मोजमाप केलं होतं. एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत जितके सूक्ष्म कण हवेत सोडते, तितके सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी लागतात, असं त्यात आढळलं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनीही बंद खोलीतली एक कॉइल म्हणजे शंभरेक सिगारेटी, असा इशारा जाहीरपणे दिला होता. हे माणसांसाठी सांगितलेलं. मांजर चार किलोचं असतं आणि दिवसाचे चौदा-पंधरा तास झोपेत, म्हणजे त्याच खोलीत, त्याच कोपऱ्यात काढतं.

शिवाय मांजर धूर फक्त हुंगत नाही, ते धूर खातं. हवेतले कण त्याच्या केसांवर बसतात आणि दिवसभर अंग चाटताना पोटात जातात. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००२ साली दाखवून दिलं की सिगारेट ओढणाऱ्यांच्या घरातल्या मांजरांना लिम्फोमा या कर्करोगाचा धोका इतर मांजरांच्या दुपटीहून अधिक असतो. त्यामागे हे चाटणंही असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून ‘मी बाल्कनीत ओढतो’ हे उत्तर पुरेसं नाही. धूर शर्टावर, बोटांवर घरात येतो, आणि मांजर त्याच मांडीवर येऊन बसतं.

कॉइल बंद करणं सोपं गेलं. खिडक्यांना जाळ्या बसवल्या, पलंगाला मच्छरदाणी आली, कुंड्यांखालच्या बशा दर दोन दिवसांनी रिकाम्या होऊ लागल्या. प्लगमध्ये लावायच्या द्रवाच्या बाटलीत धूर नसला तरी पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं, आणि मांजराचं शरीर त्या जातीच्या रसायनांना फार हळवं असतं. ती लावायचीच तर मांजर नसलेल्या खोलीत. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचं, परमेथ्रिन असलेलं औषध तर चुकूनही मांजराला लावू नये, जीव जातो. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी नैसर्गिक म्हणून चालेल का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. श्वासनलिकेला पाला आणि रसायन यातला फरक कळत नाही, तिला धूर कळतो.

अवघड गेली ती उदबत्ती. आई म्हणाली, “अगं, पन्नास वर्षं मी तिन्हीसांजेला उदबत्ती लावतेय. आता मांजरासाठी देवाची उदबत्ती बंद करायची?” मी वाद घातला नाही. तिला म्हटलं, तू फक्त चिंगीचे श्वास मोज. बरगड्या वर येऊन खाली गेल्या की एक. आईने जपमाळ घेतली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एका मिनिटाचे मणी ओढले. उदबत्ती लावायच्या आधी २८ मणी. उदबत्ती विझल्यावर अर्ध्या तासाने चिंगी त्याच जागी, झोपलेलीच, आणि ४४ मणी. आईने दोनदा मोजले. माळ डबीत ठेवली आणि म्हणाली, “फुलं वाहीन. समई तेवढी राहू दे.” समई राहिली. वात बारीक, तेल तिळाचं, काजळी धरायच्या आत वात पुढे सारायची. देवघर आधी जमिनीलगत होतं, ते कपाटाच्या फळीवर गेलं.

आरतीचा कापूर मात्र गेला. कापूर, कपाटातल्या डांबरगोळ्या, लादी पुसायचं फिनेल आणि निलगिरीचं तेल या चौघांना मी एकाच दिवशी घराबाहेर काढलं. कारण एकच. मांजराच्या यकृतात अशी रसायनं निकामी करून बाहेर टाकणारी एक महत्त्वाची यंत्रणा अपुरी असते. कुत्रा किंवा माणूस जे पचवतो, ते मांजराच्या अंगात साठत राहतं. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याला मारू शकते ती याचमुळे. फिनेलने पुसलेल्या लादीवरून मांजर चालतं आणि मग पंजे चाटतं, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की बाटली उचलवत नाही. आता आमची लादी साध्या पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाच्या चार थेंबांनी पुसली जाते, वर एकदा निव्वळ पाण्याने. छातीला चोळायचा बाम, वाफारा, लसणाचा काढा हे माणसांचे उपाय मांजरावर मायेपोटी केले जातात. बाममध्ये कापूर आणि निलगिरी असते, लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ही माया आवरायला हवी.

फोडणी थांबवता येत नाही, आणि थांबवूही नये. पण सुक्या मिरच्या भाजायच्या, मसाला कुटायचा त्या दिवशी घरभर खकाणा उडतो, आणि आपल्याला दोन ठसके लागतात तेव्हा मांजराचं काय होत असेल याचा विचार करावा. चिंगी त्या वेळी आतल्या खोलीत, दार बंद, दाराच्या फटीशी ओला टॉवेल. स्वयंपाकघरातला पंखा मसाला संपल्यावरही वीस मिनिटं चालू.

आता शीची पेटी. दमेकरी मांजराच्या घरात धुराच्या खालोखाल लक्ष द्यायची जागा हीच, आणि बहुतेकांच्या ती ध्यानातही येत नाही. मांजर तिथे दिवसातून चार-पाच वेळा जातं, उकरतं, नाक खाली घालून वास घेतं, पुन्हा पुरतं. बाजारात मिळणारी गुठळी धरणारी लिटर बहुधा बेंटोनाइट मातीची असते. आपल्या शेजारी, कच्छमध्ये, या मातीच्या मोठ्या खाणी आहेत. माती चांगलीच असते, पण पिशवी ओतताना वर येणारा करडा ढग पाहा. तोच ढग मांजर रोज उकरून काढतं. वर झाकणाची पेटी असेल तर तो ढग आतच कोंडला जातो. आपल्याला वास येऊ नये म्हणून घेतलेलं झाकण मांजराला धुळीच्या पेटाऱ्यात बसवतं. म्हणून झाकण आधी काढा. मग माती बदला: कागदाच्या गोळ्या, सोयाबीनच्या चोथ्याची म्हणजे टोफूची लिटर, यांत धूळ बरीच कमी असते. सुगंधी प्रकार तर नकोच. गावाकडे वाळू किंवा लाकडाचा भुसा वापरतात. भुसा फार उडतो. नदीची जाड वाळू धुऊन, चाळून, वाळवून घेतली तर ती बरी.

पण मांजराला आपल्या पेटीतला बदल आवडत नाही, आणि रातोरात माती बदलली तर ते सोफ्यामागे जागा शोधतं. आमच्याकडे जुनी पेटी तशीच ठेवून शेजारी दुसरी ठेवली. पहिल्या आठवड्यात चिंगी नव्या पेटीकडे ढुंकून पाहीना. मग जुन्या मातीची एक मूठ नवीत टाकली. तिसऱ्या आठवड्यात ती आपणहून तिकडे गेली. पेटी भरायची ती बाल्कनीत, मांजर आत असताना, आणि भरल्यावर धूळ बसू द्यायला दहा मिनिटं थांबायचं.

धुळीत राहणारा एक किडा डोळ्यांना दिसत नाही, मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा असतो. गाद्या, उशा, गोधड्या, सोफा ही त्याची वस्ती आणि आपल्या अंगाचा कोंडा हा त्याचा आहार. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो हळूहळू वाळून मरतो. कोकणात, मुंबईत, पावसाळ्यातल्या पुण्यात ती ८०-९० टक्क्यांवर असते. म्हणजे जून ते सप्टेंबर या किड्याची चंगळ, आणि त्याच्या जोडीला भिंतीवरची ओल आणि बुरशी. चिंगीचं दुखणं आषाढात वाढलं ते उगीच नाही.

इथे आपल्या आज्यांची रीत कामाला येते. गाद्या-उशा उन्हात घालणं, गोधड्या कढत पाण्यात धुणं, बिछाना दिवसा गुंडाळून ठेवणं. साठ अंशांच्या पाण्यात हा किडा मरतो. थंड पाण्यात तो मरत नाही. मांजराची स्वतःची चादर दर आठवड्याला कढत पाण्यातून काढावी, आणि तिला सुगंधी कंडिशनर लावू नये. सुती साडीची दुहेरी घडी हे मांजरासाठी उत्तम अंथरूण आहे: मऊ, धुवायला सोपी, लगेच वाळणारी. लोकरी गालिचा आणि जड पडदे मात्र मी काढून टाकले. पावसाळ्यात कपडे मांजराच्या खोलीत वाळत घालू नयेत, त्या खोलीची आर्द्रता लगेच चढते. भिंतीला ओल असेल तर ती बाहेरून बंद करायला हवी. वरून रंग मारला की बुरशी रंगाखाली वाढत राहते.

झाडू मारण्याची पद्धतही बदलावी लागते. कोरड्या केरसुणीने धूळ जमिनीवरून उठते आणि तासभर वीतभर उंचीवर तरंगते. आधी ओलं फडकं फिरवावं, कपाटांवरची धूळही ओल्या कपड्यानेच टिपावी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी कारण सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्या नातीला पण दमा हाय ताई, मी तिकडं बी असंच करीन.” दिवाळीच्या झाडलोटीला माळा उपसायचा त्या दिवशी मांजराची खोली वेगळी, आणि रंगकाम असेल तर ती खोली आधी रंगवून, वास पूर्ण गेल्यावर, बाकीच्या घराला हात लावायचा. फटाक्यांच्या चार संध्याकाळी खिडक्या बंद.

पावसाळ्यात पुण्याच्या मोकळ्या जागांवर पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत माजतं. हे तण भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच पुण्यात, १९५५ च्या सुमाराला, आणि त्याच्या परागांनी माणसांना सर्दी आणि दमा होतो हे आता सर्वांना माहीत आहे. मांजर घराबाहेर पडत नसलं तरी पराग आपल्या चपलांवरून आणि पँटच्या पायांवरून आत येतो. चपला दाराबाहेर काढायची आपली जुनी सवय इथे औषधासारखी आहे.

हवा गाळणारं यंत्र घ्यावं का? परवडत असेल तर घ्यावं, पण आधी धूर आणि धूळ थांबवून. हेपा जातीचा गाळणा हवेतले ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. ओझोन सोडणारं यंत्र मात्र टाळावं, कारण ओझोन स्वतःच श्वासनलिका जाळतो. डिओडरंट, परफ्यूम, खोलीत फवारायचे सुगंध हे सगळं बाथरूममध्ये, दार लावून. आणि फवारे तर शक्यतो नकोतच.

आता पंपाबद्दल. माणसांच्या दम्यात पंप आला तसाच तो मांजरांच्याही आला, आणि शिकागोचे पशुवैद्य फिलिप पॅड्रिड यांचं त्यात मोठं काम आहे. गोळीतलं स्टेरॉइड सगळ्या शरीरात फिरतं. पंपातलं बव्हंशी फुप्फुसात राहतं, त्यामुळे मधुमेहासारखे दुष्परिणाम कमी. पंप थेट तोंडात मारता येत नाही. मध्ये स्पेसर म्हणजे एक नळकांडं लागतं, एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला मांजराच्या नाका-तोंडावर बसणारा मऊ मास्क. मांजरांसाठी खास बनवलेला मिळतो. काही जण तान्ह्या बाळांचा स्पेसर वापरतात, पण मांजराच्या हलक्या श्वासाने त्याची झडप हलते का ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावं.

पहिल्याच दिवशी मास्क तोंडावर दाबला तर मांजर तो आयुष्यभर लक्षात ठेवतं. आम्ही दोन आठवडे घेतले. पहिले तीन दिवस मास्क नुसता जेवणाच्या बशीशेजारी. मग मास्कच्या आत उकडलेल्या कोंबडीचा बारीक तुकडा, तिने नाक घालून खायचा. मग मास्क नाकाला एक सेकंद, लगेच खाऊ. मग तीन सेकंद, मग सात. पंपाचा फुस्स आवाज साप फुत्कारल्यासारखा असतो, त्याची सवय वेगळी: दुसऱ्या खोलीत पंप दाबायचा आणि इकडे खाऊ द्यायचा, रोज थोडं जवळ. शेवटी सगळं एकत्र. मांडीवर पाठमोरं बसवायचं, आपल्या पोटाला टेकून, म्हणजे मागे सरकायला जागा राहत नाही. पंप हलवून स्पेसरमध्ये दाबायचा आणि मांजराने सात ते दहा श्वास घेईपर्यंत मास्क धरायचा. नंतर तोंड ओल्या कपड्याने पुसायचं आणि खाऊ, नेहमी, न चुकता. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री जेवणानंतर, रोज त्याच वेळी, कारण मांजराला घड्याळ आवडतं.

स्टेरॉइडचा पंप पूर्ण लागू व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर डॉक्टर बहुधा गोळीही चालू ठेवतात. मांजर बरं दिसतंय म्हणून ती आपल्या मनाने थांबवू नये. दुसरा पंप सालब्युटामॉलचा. तो नळ्यांचे स्नायू काही मिनिटांत सैल करतो, पण सूज उतरवत नाही. तो अडीअडचणीसाठी. रोज तोच वापरावा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, असं समजून डॉक्टरांना फोन करावा.

लठ्ठ मांजराच्या छातीवर चरबीचं ओझं असतं आणि त्याच्या श्वासाला जागा कमी पडते, म्हणून वजन हळूहळू उतरवावं; एकदम उपाशी ठेवलं तर यकृत बिघडतं. गळ्यात पट्टा घालू नये. ताणानेही उबळ येते. पाहुणे, नवं मांजर, फर्निचरची हलवाहलव अशा वेळी लपायला एक उंच जागा हवीच. चिंगीसाठी आम्ही कपाटावर टोपली ठेवली. ती शांततेसाठी ठेवली होती, पण वीतभर उंचीवरच्या धुळीपासून चिंगी सहा फूट वर गेली, हा फायदा नंतर कळला.

उबळ मोठी असेल तर ओळखायच्या खुणा स्पष्ट आहेत. तोंड उघडं ठेवून श्वास, निळसर किंवा राखाडी हिरड्या, पोट आणि छाती उलटसुलट हलणं, आडवं न होता मान ताणून बसून राहणं. अशा वेळी धरून ठेवू नये, पाठीवर झोपवू नये, पाणी पाजू नये. डॉक्टरांनी सांगितलेला सालब्युटामॉलचा डोस द्यावा, तोही मांजर झगडत नसेल तरच, आणि पिंजऱ्यात घालून निघावं. कुठे निघायचं हे आधी ठरलेलं हवं. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय १८८३ पासून आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. तालुक्याच्या गावी मात्र सरकारी दवाखान्याचा बराचसा वेळ गाई-म्हशींना जातो. तिथे राहणाऱ्यांनी जवळच्या शहरात रात्री कुठे डॉक्टर भेटतील आणि कुठे ऑक्सिजन आहे याची चौकशी दुखणं नसतानाच करून ठेवावी, नंबर फ्रिजवर चिकटवावा आणि पिंजरा माळ्यावर न टाकता हाताशी ठेवावा. पिंजरा एरवीही उघडा, आत साडीची घडी घालून ठेवला तर मांजर त्यात आपणहून झोपतं, आणि त्या रात्री पकडापकडीत त्याचा दम जात नाही.

बाकी रोजची राखण आकड्यांनी होते. झोपलेलं निरोगी मांजर मिनिटाला १५ ते ३० श्वास घेतं. दिवसेंदिवस ३० च्या वर जाऊ लागलं की फोन. ४० च्या वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना. स्वप्नात पंजे हलत असतील तेव्हा मोजू नये, श्वास उगीच जास्त भरतो. आमच्याकडे दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं यासाठी आहेत. तारीख, श्वास, ढास आली का, घरात त्या दिवशी काय झालं. ‘मिरच्या भाजल्या’, ‘शेजारी रंग’, ‘ढगाळ’. या शेऱ्यांवरूनच कळलं की चिंगीला ओलीचा त्रास परागापेक्षा जास्त होतो, आणि त्यावरून डॉक्टरांनी पावसाळ्यापुरता डोस बदलला.

वही आईच लिहिते. रात्री समई शांत झाली की ती खुर्ची ओढून टोपलीखाली बसते, मान वर करून बरगड्यांकडे बघते आणि माळ ओढते. काल २२ मणी झाले. तिने आकडा लिहिला, शेरा काही लिहिला नाही, आणि दिवा मालवला.